परदेशीं बिऱ्हाड आणि हातांतला फोन

मुलगा परदेशीं निघाला म्हणजे घरांत जी धांदल उडते तिच्यांत प्रत्येकाचें लक्ष एकेका वस्तूवर असतें. आई मेतकूट आणि लोणचीं बांधण्यांत गुंतलेली, वडील प्रमाणपत्रांच्या नकला जमविण्यांत, काका परकीय चलनाच्या हिशेबांत, आणि लोकरी कानटोपी पेटींत गेली कीं नाहीं या विवंचनेंत आजी. या सर्व यादींत एका वस्तूचें नांव मात्र बहुधा नसतें. कारण ती वस्तु मुलाच्या खिशांत आधींच असते. मोबाइल त्याच्याजवळ आहेच, तेव्हां त्याचा विचार तो काय करावयाचा, असें सर्वांस वाटतें. खिशांत असलेलें यंत्र निराळें आणि चालता फोन निराळा, हा भेद परक्या मुलुखांत पाऊल टाकल्यावर दुसऱ्याच दिवशीं कळून येतो; परंतु तो तेथें कळण्यापेक्षां येथें, विमानाचें तिकीट काढण्यापूर्वींच, कळलेला बरा, म्हणून हा लेख.

सर्व देशांची हकीकत एका लेखांत सांगणें शक्य नाहीं. यासाठीं आम्ही जर्मनी हा एकच देश डोळ्यांपुढें ठेवतों. आमच्याकडील तरुणांचा ओघ गेल्या कांहीं वर्षांत त्या दिशेनें फार वाढला आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत जर्मन विद्यापीठांतून ४९,००० हून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि परदेशांतून तेथें शिकावयास येणाऱ्यांत चिनी विद्यार्थ्यांस मागें टाकून भारतीयांनीं त्यापूर्वींच पहिला क्रम पटकावला होता. पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनांत संध्याकाळीं 'देर, दी, दास' घोकणारीं मुलेंमुली ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस या आंकड्याचें नवल वाटणार नाहीं. मुंबई आणि स्टुटगार्ट या शहरांचें भगिनीनातें तर १९६८ सालापासूनचें आहे.

गमतीची गोष्ट अशी कीं, फोनांतील जें इवलेंसें कार्ड, ज्यास आपण सर्वजण 'सिम' म्हणतों, तेंही मूळचें जर्मनच. १९९१ सालीं म्युनिच येथील गीझेके आणि डेव्रिएंट या नोटा छापणाऱ्या कारखान्यानें पहिलीं सिमकार्डें तयार करून फिनलंडमधील एका कंपनीस विकलीं; आणि त्याच वर्षीं १ जुलै रोजीं फिनलंडांतच या नव्या पद्धतीच्या फोनावरील पहिलें संभाषण झालें. आमच्या देशांत तो योग ३१ जुलै १९९५ रोजीं आला. त्या दिवशीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू हे कलकत्त्याहून दिल्लीस दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. नोटा छापणाऱ्या कारखान्यानें हें कार्ड बनवावें, हें एका परीनें योग्यच झालें. नोटेची किंमत जशी कागदांत नसून तिच्यामागील हमींत असते, तशी सिमकार्डाची किंमत 'हा अमुक मनुष्य, अमुक ठिकाणीं राहणारा' या ग्वाहींत असते. यंत्र कोणाचेंही असो, ओळख कार्डांत. परदेशीं गेलेल्या माणसाची अडचण यंत्राची नसते, या ओळखीची असते. आणि ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे पुढील सर्व गुंता उलगडण्यास सोपा जातो.

प्रथम इंटरनेट आणि फोन यांतील घोटाळा दूर करूं. निघण्यापूर्वीं घरबसल्या 'प्रवासी ई-सिम' विकत घेण्याची सोय हल्लीं झाली आहे. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर उतरतांच तें चालूं लागतें, नकाशा उघडतो, आईस व्हॉट्सॲपवर "पोंचलों" म्हणून कळवितां येतें, आणि घरीं सर्वांस वाटतें कीं फोनाचा प्रश्न सुटला. परंतु या प्रकारच्या बहुतेक ई-सिमांत नुसतें इंटरनेट असतें. स्वतःचा क्रमांक नसतो. बँकेस, डॉक्टरच्या दवाखान्यास, घरमालकास, विद्यापीठाच्या कचेरीस जो क्रमांक द्यावयाचा तो यांतून मिळत नाहीं, आणि त्यांनीं पाठविलेला लघुसंदेशही त्यावर येत नाहीं. पहिले चार दिवस ही सोय उत्तम. पांचव्या दिवसापासून ती पुरी पडत नाहीं.

जर्मन क्रमांक मिळविणें पूर्वीं अगदीं सोपें होतें. दुकानांत जावें, पाकीट घ्यावें, नांव लिहून द्यावें, झालें. नांव खरें आहे कीं खोटें हें कोणी पाहत नसे. यूरोपांत दहशतवादाचे प्रकार वाढले तेव्हां २०१६ सालीं तेथें कायदा झाला आणि १ जुलै २०१७ पासून आगाऊ पैशांच्या, म्हणजे प्रीपेड कार्डासही ओळखपत्राची तपासणी आवश्यक ठरली. आमच्याकडे कागदपत्रांवांचून कार्ड मिळत नाहीं याची आम्हांस फार दिवसांची संवय आहे. तेव्हां तपासणीचें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. अडचण निराळीच आहे. नांव आणि जन्मतारीख पासपोर्टांत असते. राहण्याचा पत्ता मात्र जर्मनींतील द्यावा लागतो, आणि नुकताच उतरलेला मुलगा तो कोठून आणणार?

येथें तें प्रसिद्ध चक्र सुरू होतें. जर्मनींत नव्या घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत जाऊन आपली नोंद करावी लागते. हिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. या नोंदीसाठीं घरमालकाची, 'हा मनुष्य माझ्या घरांत अमुक तारखेपासून राहतो' अशी सही केलेली चिठ्ठी लागते. कायम बिऱ्हाड मिळेपर्यंत मुलगा कोणा मित्राच्या खोलींत किंवा वसतिगृहाच्या तात्पुरत्या खाटेवर असतो. तेथील मालक अशी चिठ्ठी देईलच असें नाहीं. बिऱ्हाड पाहावयास जावें तर मालक म्हणतो, फोन क्रमांक द्या, कळवितों. बर्लिनसारख्या शहरांत नगरकचेरीची वेळ मिळण्यासच कधीं कधीं आठवडे लागतात. इकडे बँकेंतील खातें उघडावयास पत्ता आणि क्रमांक दोन्ही लागतात. आणि मासिक कराराचा फोन घ्यावा तर त्याचे पैसे वळते होण्यासाठीं बँकेचें खातें लागतें. विद्यार्थ्यांच्या बाबतींत आणखी एक गांठ आहे. व्हिसा मिळण्यासाठीं वर्षाच्या खर्चाची रक्कम आगाऊ एका बांधलेल्या खात्यांत ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्यें ती ११,९०४ यूरो, म्हणजे दरमहा ९९२ यूरो ठरली. हे पैसे दर महिन्यास सुटतात खरे, परंतु ते ज्यांत सुटावयाचे तें चालू खातें नसेल तर स्वतःचेच पैसे स्वतःस मिळत नाहींत. फोनावांचून घर नाहीं, घरावांचून पत्ता नाहीं, पत्त्यावांचून बँक नाहीं, बँकेवांचून फोन नाहीं!

हें चक्र एका ठिकाणीं कच्चें आहे, आणि शहाण्या मुलानें तेथेंच हात घालावा. तें ठिकाण म्हणजे किराणा मालाचें दुकान. जर्मनींतील आल्डी, लिडल यांसारख्या मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत पैसे देण्याच्या जागेजवळच प्रीपेड कार्डांचीं पाकिटें टांगलेलीं असतात. भाजी आणि दूध घेतांना तें पाकीटही घ्यावें. हीं दुकानें स्वतःचीं जाळीं चालवीत नाहींत. तीं मोठ्या कंपन्यांचीं जाळीं वापरतात. या कार्डास बँकेचें खातें लागत नाहीं, पतीची चौकशी होत नाहीं, आणि पत्ता म्हणून सध्यां ज्या ठिकाणीं टपाल मिळेल तो देऊन बहुधा भागतें. सरकारी नोंदीचा दाखला मागण्याचा प्रघात प्रीपेडमध्यें सहसा नाहीं. मित्राच्या घरीं राहत असल्यास त्याची परवानगी घेऊन त्याचा पत्ता द्यावा आणि बिऱ्हाड मिळतांच तो बदलून घ्यावा.

पाकीट घेतलें म्हणजे कार्ड चालू झालें, असें मात्र नाहीं. ओळख पटविण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक चित्रसंभाषणाचा. पलीकडे एक कर्मचारी बसलेला असतो. तो पासपोर्ट यंत्रासमोर धरावयास सांगतो, मग तिरपा करावयास सांगतो, कारण त्यावरील चकाकणाऱ्या खुणा हलतांना दिसल्या पाहिजेत. मध्यंतरीं तो पडताळणीचे अंक संदेशानें पाठवितो, आणि ते घेण्यास आपला जुना भारतीय क्रमांक तेथें चालू असला तर फार सोय होते. ज्यांचा पासपोर्ट या यंत्रणेस पसंत पडत नाहीं, किंवा ज्यांच्या खोलींत उजेड आणि इंटरनेट दोन्ही बेताचे, त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग टपालकचेरीचा. कंपनीच्या संकेतस्थळावरून एक चिठ्ठी मिळते, ती आणि पासपोर्ट घेऊन पोस्टांत जावें. तेथील कारकून ताडून पाहतो, आणि कार्ड बहुधा एकदोन दिवसांत चालूं लागतें. आमच्या मतें नवख्या मुलानें दुसराच मार्ग धरावा. समोरच्या माणसास तोंड दाखवून काम करणें हें तुटक्या चित्रावर अर्धवट जर्मन बोलण्यापेक्षां केव्हांही सुखाचें.

आतां दोन बारीक गोष्टी. परंतु या बारीक गोष्टींनींच पुष्कळ मुलें रडकुंडीस आलेलीं आम्हांस ठाऊक आहेत. पहिली गोष्ट पिन अंकाची. आमच्याकडील कार्डें यंत्रांत घातलीं कीं निमूट चालूं लागतात. जर्मन कार्डास चार आंकडी पिन असतो, आणि फोन बंद करून पुन्हां चालू केला कीं तो अंक प्रत्येक वेळीं विचारला जातो. कार्ड ज्या मोठ्या पट्टीतून तोडून काढावयाचें तिच्यावर किंवा सोबतच्या कागदावर तो छापलेला असतो, आणि मुलें ती पट्टी फेंकून देतात. मग एके रात्रीं फोनांतील वीज संपते, सकाळीं यंत्र अंक विचारतें, तीन वेळां चुकीचा अंक घातला कीं कार्ड बंद. तें उघडण्याचा जो मोठा अंक, पक नांवाचा, तो दहा वेळां चुकला तर कार्ड कायमचें गेलें. तेव्हां ती पट्टी पासपोर्टाच्या वेष्टणांत ठेवावी.

दुसरी गोष्ट टपालपेटीची. आमच्याकडे पोस्टमनास 'दुसरा मजला, डावीकडचे जोशी' एवढें ठाऊक असतें. जर्मन इमारतींत खोलीस बहुधा क्रमांकच नसतो. टपाल पेटीवरील नांव पाहून टाकलें जातें. पेटीवर आणि घंटेच्या बटणावर आपलें नांव नसेल तर पत्र परत जातें. फोनकंपनी, बँक, विमासंस्था हे सर्व तेथें अजून कागदी पत्रांवर मोठी श्रद्धा ठेवून आहेत. बँकेचें कार्ड एका पत्रानें येतें आणि त्याचा गुप्त अंक दुसऱ्या पत्रानें. म्हणून नव्या घरांत पाऊल टाकतांच पहिलें काम दिवा लावण्याचें नसून पेटीवर नांवाची चिठ्ठी चिकटविण्याचें. मित्राकडे उतरलेल्या मुलानें मित्राच्या नांवाखालीं आपलेंही नांव लावावें.

दरमहाच्या कराराचा फोन घेण्याची घाई करूं नये. असे करार बहुधा २४ महिन्यांचे असतात, आणि ते देण्यापूर्वीं कंपनी 'शूफा' या संस्थेकडे चौकशी करते. शूफा १९२७ पासून लोकांच्या देण्याघेण्याच्या पतीची नोंद ठेवीत आली आहे. आणि काल उतरलेल्या माणसाविषयीं तिच्या वहींत पानच नसतें. त्यामुळें घरीं लाखोंची शेती किंवा वाडा असला तरी मुलास नकार येऊं शकतो, आणि त्यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. डिसेंबर २०२१ पासून तेथील कायदा सुधारला आहे. पहिली मुदत संपल्यावर असा करार आपोआप आणखी वर्षभर बांधून ठेवतां येत नाहीं, एक महिन्याच्या सूचनेनें तो केव्हांही सोडतां येतो. तरीही पहिलीं दोन वर्षें तो भरावाच लागतो. एका वर्षाच्या अभ्यासक्रमास गेलेल्या मुलानें दोन वर्षांच्या करारावर सही करणें म्हणजे पाहुण्यानें घराच्या दुरुस्तीची वर्गणी भरण्यासारखें आहे.

यंत्राविषयीं थोडेंसें. जर्मनींतील तिसऱ्या पिढीचीं जाळीं २०२१ सालीं बंद झालीं, म्हणून फार जुना फोन तेथें केवळ बोलण्यापुरता उरतो. नवीन फोनासही एक अडचण संभवते. प्रत्येक देशांत कोणत्या लहरींवर जाळें चालवावयाचें हें निराळें ठरलेलें असतें. जर्मनींत खेडोपाडीं आणि जाड भिंतींच्या आंत पोंचणारें चौथ्या पिढीचें जाळें पुष्कळसें ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, ज्यास तज्ज्ञ विसावा पट्टा म्हणतात. हिंदुस्थानांत हा पट्टा वापरांत नाहीं. त्यामुळें येथें विकल्या जाणाऱ्या कांहीं स्वस्त फोनांत तो नसतोच. असा फोन शहरांतील रस्त्यावर उत्तम चालतो आणि तळघरांतील स्वस्त खोलींत गेलें कीं मुका होतो. मुलासाठीं जातांजातां नवा फोन घेणार असाल तर दुकानदारास रंग आणि छायाचित्रांविषयीं विचारण्याआधीं हा एक प्रश्न विचारावा.

आणखी एक गोष्ट वडील मंडळींनीं मुलाकडून पाठ करून घ्यावी. संकटसमयीं बोलावण्याचा क्रमांक तेथेंही ११२ हाच आहे, आणि तो फुकट आहे. परंतु जुलै २००९ पासून जर्मनींत कार्ड नसलेल्या फोनावरून तो लागत नाहीं. पूर्वीं लागत असे, पण थट्टेखातर केलेल्या खोट्या हाकांमुळें ती सोय काढून घेण्यांत आली. म्हणून नवें जर्मन कार्ड चालू होईपर्यंत आपलें भारतीय कार्ड फोनांतून काढून ठेवूं नये, आणि त्यावरील परदेशांतील सेवा येथूनच सुरू करून घ्यावी.

या जुन्या भारतीय कार्डाची हकीकतच आम्हांस मुख्यतः सांगावयाची आहे. जर्मनींतील अडचणी चार आठवड्यांच्या असतात. या कार्डाच्या अडचणी वर्षानुवर्षें पुरतात, आणि त्यांचा ताप मुलापेक्षां घरच्यांस अधिक होतो.

आमच्या परिचयाचें एक मोठें एकत्र कुटुंब आहे. तीन भाऊ, त्यांच्या बायकामुलें, आणि ब्याऐंशी वर्षांचे आजोबा. थोरल्या भावाचा मुलगा आखेन येथें यंत्रशास्त्र शिकावयास गेला. घरांतील संगणकाचीं सर्व कामें पूर्वींपासून तोच पाहत असे: विजेचें बिल, विम्याचे हप्ते, आजोबांच्या औषधपाण्यासाठीं बाजूस ठेवलेली रक्कम, सर्व त्याच्याच खात्यांतून आणि त्याच्याच मोबाइलवर. जातांना त्यानें जुनें कार्ड मेजाच्या खणांत ठेवलें. "येथें पडूं दे, पुढेंमागें लागलें तर पाहूं," असें काकाही म्हणाले. आठ महिन्यांनीं आजोबा न्हाणीघरांत घसरले आणि खुब्याचें हाड मोडलें. रुग्णालयानें शस्त्रक्रियेपूर्वीं अनामत मागितली. पैसे मुलाच्या खात्यांत; मुलगा आखेनला संगणकापुढें तयार; परंतु रक्कम पाठवितांना बँकेनें सहा आंकडी ओटीपी ज्या क्रमांकावर पाठविला तें कार्ड खणांत होतें. धाकट्या वहिनींनीं तें शोधून आपल्या फोनांत घातलें. कार्ड मेलेलें! बँकेस विचारावें तर क्रमांक बदलण्यासाठीं खातेदारानें समक्ष यावें. शेवटीं शेजाऱ्यांकडून आणि मधल्या काकांच्या कचेरींतील सहकाऱ्यांकडून रक्कम जमविली. शस्त्रक्रिया एक दिवस लांबली. आजोबा आतां काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. परंतु त्या एका रात्रींत त्या मुलावर काय गुजरलें असेल! खात्यांत पैसे असून, हातांत यंत्र असून, आजोबांसाठीं एक रुपया त्यास पाठवितां येईना.

नंतर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. तो क्रमांक बंदच झाला होता असें नव्हे, तर दुसऱ्या कोणास दिला गेला होता. आमच्याकडील नियम असा आहे कीं प्रीपेड कार्ड ९० दिवस मुळींच वापरलें गेलें नाहीं तर कंपनीस तें बंद करतां येतें. आणि बंद झालेला क्रमांक पुन्हां ९० दिवस रिकामा ठेवल्यावर नव्या गिऱ्हाइकास देतां येतो. म्हणजे सहा महिन्यांनंतर आपल्या बँकेचे संदेश एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशांत वाजूं लागण्याचा संभव आहे. त्या माणसाचा त्यांत दोष नाहीं. त्यानें रीतसर कार्ड विकत घेतलेलें असतें. व्हॉट्सॲपही क्रमांकावरच चालतें. नव्या मालकानें त्या क्रमांकावर तें सुरू केलें कीं मुलाचें खातें त्याच्या हातून जातें.

यावर उपाय अवघड नाहींत; ते वेळेवर करावे लागतात एवढेंच. कार्ड खणांत न ठेवतां मुलाबरोबर पाठवावें. हल्लीं बहुतेक फोनांत दोन कार्डांची सोय असते; त्यांतून भारतीय कार्ड ई-सिममध्यें रूपांतरित करून घेतलें तर हरवण्याचाही धोका टळतो. मात्र हें रूपांतर विमानाच्या आदल्या दिवशीं करूं नये. नवें कार्ड चालू झाल्यापासून २४ तास त्यावरील लघुसंदेश बंद ठेवण्याचा नियम फसवणूक टाळण्यासाठीं केलेला आहे, आणि नेमक्या त्याच २४ तासांत शुल्क भरावयाचें राहिलें असल्यास पंचाईत होते. कार्डांत ठराविक मुदतीचे पैसे भरीत राहण्याचें काम घरच्या एका माणसाकडे सोंपवावें. डिसेंबर २०२४ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें केवळ बोलणें आणि लघुसंदेश यांसाठीं निराळीं पॅक ठेवण्यास कंपन्यांस भाग पाडलें आणि पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यास मुभा दिली. परदेशीं असलेल्या माणसास इंटरनेटचे पैसे भरून काय करावयाचें आहे? वर्षाचें एक पॅक आणि दिवाळीच्या सुमारास तें नवें करण्याची आठवण, एवढ्यानें भागतें.

कार्ड कोणाच्या नांवावर आहे, हेंही पाहावें. एकत्र कुटुंबांत हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. मुलगा बारावींत असतांना वडिलांच्या नांवानें कार्ड घेतलें जातें आणि तेंच पुढें त्याचें होऊन बसतें. परदेशीं तें हरवलें म्हणजे नवें मिळविण्याचा अधिकार वडिलांचा, ओळख वडिलांची, आणि बँकेचें खातें मुलाचें! एखाद्या घरीं तर काकांच्या नांवावरचें कार्ड पुतण्या वापरीत असतो आणि काका आतां हयातही नसतात. निघण्यापूर्वीं महिनाभर आधीं कंपनीच्या दुकानांत दोघांनीं मिळून जावें आणि कार्ड वापरणाऱ्याच्या नांवावर करून घ्यावें.

बँकेच्या बाबतींत एक कायद्याची गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. शिक्षणासाठीं परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यांस रिझर्व्ह बँकेनें २००३ सालींच अनिवासी मानलें आहे; त्यामुळें त्यांचें येथील साधें बचत खातें अनिवासी प्रकारांत, ज्यास एन्‌आर्‌ओ म्हणतात त्यांत, बदलून घेणें आवश्यक आहे. बदलतांना अनेक बँका परदेशांतील क्रमांक नोंदून घेतात. मग ओटीपी थेट जर्मन फोनावर येऊं शकतो. यूपीआयची सोय मात्र जर्मनीस लगेच मिळाली नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें जेव्हां परदेशी क्रमांकांवर ती प्रथम खुली करण्यांत आली तेव्हां सिंगापूर, अमेरिका, इंग्लंड, आखाती देश वगैरे दहा देशांचीं नांवें होतीं, त्यांत जर्मनी नव्हता. म्हणून जर्मनीस जाणाऱ्यानें भारतीय क्रमांक जिवंत ठेवावा, आणि घरखर्चाची रक्कम स्वतःच्या खात्यांत न ठेवतां घरच्याच दोघांच्या संयुक्त खात्यांत ठेवून जावें.

कांहीं घरीं कार्ड वडिलांच्या फोनांत ठेवून ओटीपी चित्रसंभाषणांत मोठ्यानें वाचून दाखविण्याची पद्धत आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. एकदां वडीलधाऱ्या माणसास फोनावर अंक वाचून दाखविण्याची संवय लागली कीं पलीकडे खरोखर आपलाच मुलगा बोलतो आहे कीं दुसरा कोणी, याचा विचार मागें पडतो. आणि हल्लीं आवाजाची नक्कल करणें यंत्रांस कठीण राहिलेलें नाहीं. 'अंक कोणास सांगावयाचा नाहीं' हा नियम घरच्यांपुरता सैल केला कीं तो परक्यांपुढेंही फार वेळ टिकत नाहीं.

उरला घरच्यांशीं बोलण्याचा प्रश्न. इंटरनेटवरून बोलणें जवळजवळ फुकट असल्यामुळें साधा फोन करण्याची आजी-आजोबांची संवय सुटत चालली आहे; परंतु मध्यरात्रीं मुलाचें इंटरनेट बंद असेल तेव्हां साध्याच फोनाचा उपयोग होतो. त्यासाठीं जर्मन क्रमांक कसा लिहावयाचा हें माहीत पाहिजे. तेथील मोबाइल क्रमांक ०१५, ०१६ किंवा ०१७ नें सुरू होतो. येथून लावतांना आरंभाचें तें शून्य गाळून त्याच्या जागीं अधिक चिन्ह आणि ४९ घालावयाचें. शून्य तसेंच ठेवून "लागत नाहीं, लागत नाहीं" म्हणत बसलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. घरच्या भिंतीवरील फोनावरून करावयाचा तर अधिक चिन्हाऐवजीं दोन शून्यें, आणि परदेशीं फोन करण्याची सेवा त्यावर आधीं मागून घ्यावी लागते. उलट, मुलाचा फोन येथें आला कीं पडद्यावर ४९ नें सुरू होणारा अनोळखी क्रमांक दिसतो आणि ठकविणाऱ्यांच्या भीतीनें वडील तो घेतच नाहींत. म्हणून तो क्रमांक घरांतील प्रत्येकाच्या फोनांत मुलाच्या नांवानें आधींच नोंदवून ठेवावा. पलीकडून जर्मन घरमालकानें उचलला तर तो 'हॅलो' न म्हणतां आपलें आडनांव सांगेल. त्यावर गोंधळून फोन ठेवूं नये.

वेळेचा हिशेब वर्षांतून दोनदां बदलतो. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत जर्मनीचें घड्याळ आपल्या साडेतीन तास मागें असतें. उरलेल्या दिवसांत साडेचार तास. येथील सकाळची सात वाजतांची पूजा आटोपून आजीनें नातवास फोन लावला तर उन्हाळ्यांत तेथें पहांटेचे साडेतीन आणि थंडींत अडीच वाजलेले असतात. येथील रात्रीचे नऊ उत्तम. त्या वेळीं तेथें संध्याकाळ असते, मुलगा वर्गांतून परतून कुकर लावीत असतो, आणि आमटींत गूळ केव्हां घालावयाचा हें विचारण्यास त्यालाही कोणी तरी हवेंच असतें.